उबुंटू २४.०४ टाकू की २५.१०? जुना लॅपटॉप आहे, बहिणीच्या अभ्यासासाठी हवाय

बार्शीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्हीच परत विचाराल की रॅम किती आणि प्रोसेसर कोणता.

घरी २०१५ ला घेतलेला लॅपटॉप आहे, आय थ्री पाचव्या पिढीचा, रॅम ४ जीबी, हार्डडिस्क ५०० जीबीची ती जुनी फिरणारी. बॅटरी पूर्ण मेलीये, चार्जरची पिन हलली तरी बंद पडतो. विंडोज १० आहे त्याच्यावर आणि चालू केल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात, हे मी घड्याळ लावून बघितलंय.

बहीण पुण्यातली रूम सोडून घरी आलीये, आता घरूनच राज्यसेवेचा अभ्यास करणार. तिला लागतं काय तर यूट्यूबवरची लेक्चर्स, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ, फॉर्म भरणं आणि मराठीत नोट्स टाईप करणं. मराठी ३० ची परीक्षा दिलीये तिने, त्यामुळे हात बसलाय तो रेमिंग्टन कीबोर्डवर, मोबाईलसारखं इंग्रजीतून मराठी टाईप करणं तिला जमत नाही. आत्ता सगळं मोबाईलवर चाललंय आणि संध्याकाळपर्यंत डोळे लाल होतात.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आमच्यात दोन्ही नाही. दुकानवाला म्हणतो काहीतरी करून ११ मारून देतो, पण ४ जीबीत ते कसं चालेल आणि पुढच्या अपडेटला काय होईल याची खात्री कोण देणार, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकायची ठरवली.

आता खरी अडचण. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या पानावर दोन आवृत्त्या दिसतात, २४.०४ एलटीएस आणि २५.१०. मोठा आकडा म्हणजे नवीन, आणि नवीन म्हणजे चांगलं असं मला वाटत होतं, पण मग जुनं अजून वरती का ठेवलंय? शिवाय मिंट नावाचं दुसरं लिनक्स आहे, त्याचे परत तीन प्रकार, आणि एक मित्र म्हणतो डेबियन हे तिसरंच टाक. हे टाकून बघू, ते टाकून बघू असं मला करता येत नाही कारण घरी वायफाय नाही, रोजचा दीड जीबी डेटा आहे मोबाईलचा. उबुंटूची फाईल सहा जीबीच्या आसपास दिसतेय, म्हणजे चार दिवस बहिणीने लेक्चर बघायचं नाही. एकदाच काय ते डाउनलोड करायचं आणि ते बरोबर निघायला पाहिजे.

अजून दोन गोष्टी. विंडोज बाजूला ठेवू का पूर्ण काढू? आणि आमच्याकडे लाईट कधीही जाते, टाकता टाकता मध्येच गेली तर लॅपटॉप कायमचा बाद होईल का?

---

सांगलीचा_पेंग्विन

माहिती सगळी दिलीत हे फार चांगलं केलंत, त्यामुळे नीट उत्तर देता येतं.

आधी आकड्यांचं बघू. उबुंटूचा आकडा म्हणजे साल आणि महिना. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, २५.१० म्हणजे २०२५ चा ऑक्टोबर. दर सहा महिन्यांनी एक निघते, एप्रिल आणि ऑक्टोबर, आणि त्यातली दर दोन वर्षांनी सम सालच्या एप्रिलात येणारी ती एलटीएस, म्हणजे लाँग टर्म सपोर्टवाली. एलटीएसला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्यांना फक्त नऊ महिने. म्हणजे तुमच्या मोठ्या आकड्याची, २५.१० ची, मुदत जुलै २०२६ पर्यंतच आणि लहान आकडा २४.०४ चालणार २०२९ पर्यंत. म्हणूनच ते जुनं अजून वर ठेवलंय. तुमचा दीड जीबीचा हिशोब इथे लावून बघा, मधली आवृत्ती टाकली तर सहा-नऊ महिन्यांनी अख्खी सिस्टीम वर चढवायची, दरवेळी दोन-तीन जीबी, आणि ते नेमकं पूर्व परीक्षेच्या आठवड्यात आलं की काय करणार?

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो, अकरा मशिनी आहेत. काही वर्षांपूर्वी अशीच एक मधली आवृत्ती सगळ्यांवर टाकली, कारण दिसायला छान होती. दीडेक वर्षाने एका मुलीला एक सॉफ्टवेअर हवं होतं म्हणून टाकायला गेलो तर प्रत्येक ओळीला ४०४, फाईल सापडत नाही. नेट बघितलं, केबल बदलून बघितली, तासभर गेला. मग कळलं की मुदत संपली की त्या आवृत्तीची सगळी पॅकेजं नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्यांच्या गोदामात नेऊन ठेवतात, आपली मशीन मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत बसते. अकराच्या अकरा मशिनी परत फॉरमॅट माराव्या लागल्या, ऐन मे महिन्यात, बॅच चालू असताना. तेव्हापासून कुणीही विचारलं तर माझा पहिला प्रश्न एकच, मुदत कधी संपते? रंगरूप नंतर बघू.

आता तुमच्यासाठी. मी म्हणेन मिंट २२ मालिका, एक्सएफसीई हे त्याचं हलकं रूप. मिंट २२ आतून उबुंटू २४.०४ वरच बांधलेलं आहे, त्यामुळे मुदत तीच, २०२९. फाईल तीन जीबीच्या आसपास, म्हणजे तुमचे दोन दिवस वाचले. सिनॅमन हे मिंटचं मुख्य रूप दिसायला सुंदर आहे पण ४ जीबीत ब्राउझर उघडल्यावर जीव गुदमरतो, एक्सएफसीई माझ्याकडच्या मशिनीवर नुसतं उघडल्यावर पाऊण-एक जीबी घेतं, बाकी सगळी रॅम ब्राउझरला. तिसरं माटे, तेही चालेल, पण हलकेपणात एक्सएफसीईच पुढे. आणि उबुंटू स्वतः फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप नावाच्या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमध्ये देतं, फिरणाऱ्या डिस्कवर ते पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, मिंटमध्ये साधं पॅकेज आहे.

२२ च्या पुढे पॉईंट एक, पॉईंट दोन असेल त्यातलं सगळ्यात ताजं घ्या, पुढचे पॉईंट अपडेट मॅनेजरमधूनच चढतात, परत फाईल उतरवायची नाही.

आणि काही टाकायच्या आधी एक काम कराच. पेनड्राईव्हवरून लाईव्ह, म्हणजे डिस्कवर काही न टाकता, चालू होतं ना, तेव्हा मेनूत 'डिस्क्स' म्हणून आहे ते उघडा, तुमची हार्डडिस्क निवडा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत स्मार्ट डेटा असा पर्याय आहे, ती डिस्कच्या तब्येतीची नोंद. त्यात रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) या दोन ओळींचे आकडे बघा. शून्य असतील तर उत्तम. वाढलेले असतील तर तुमची सात-आठ मिनिटं विंडोजमुळे नाहीत, डिस्क मरायला लागलीये, मग कुठलंही लिनक्स टाका, तेच होणार.

---

खडकवासला_रूट

पेंग्विन दादांशी मुदतीबद्दल शंभर टक्के सहमत, पण मिंटवर थांबायची गरज नाही असं माझं मत आहे. डेबियन १३ बघा, ऑगस्ट २०२५ ला आलंय, तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे दोन वर्षं एलटीएस, म्हणजे पाच वर्षं झालीच. पूर्वी डेबियन टाकताना वायफायचं फर्मवेअर (चिप चालवणारी फाईल) वेगळ्या पेनड्राईव्हवर घेऊन बसावं लागायचं, ते १२ पासून संपलं, आता फाईलमध्येच असतं. आणि डेटाचाच विचार असेल तर डेबियन स्टेबलसारखं शांत काही नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर महिनामहिना काही उतरत नाही. मी वडिलांच्या मशीनवर टाकलंय, ते फक्त वर्तमानपत्र वाचतात आणि नातेवाईकांशी बोलतात, वर्षभरात एकदाही फोन आला नाही.

फक्त फाईल निवडताना चुकू नका, नेटइन्स्टॉल म्हणून जी छोटी आहे ती दिसते लहान पण बाकीचं सगळं टाकताना नेटवरून ओढते. तुम्ही लाईव्ह एक्सएफसीई घ्या.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कुणाकडे खूप जुनं ३२ बिटचं मशीन असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलर त्याच्यासाठी आता निघत नाही, उबुंटू आणि मिंटने तर कधीच सोडलंय. बार्शीकरांचं मशीन ६४ बिट आहे, त्यांना काळजी नाही.

---

सांगलीचा_पेंग्विन

रूट भाऊ, डेबियन मलाही आवडतं, क्लासच्या सर्व्हरवर तेच आहे. पण इथे लॅपटॉप वापरणार बहीण, टाकणार भाऊ, दोघांची पहिली वेळ. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे, अपडेटचा ठिपका खाली दिसतो, टाईमशिफ्ट आधीपासून बसवलेलं येतं, काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत नेता येतं. डेबियनमध्ये हे सगळं होतं पण एकेक करून आपण लावायचं. डेबियनवर बांधलेलं मिंट पण आहे, एलएमडीई, पण ते फक्त सिनॅमनमध्ये येतं, ४ जीबीला मी ते देणार नाही.

---

खडकवासला_रूट

टाईमशिफ्टचा मुद्दा मान्य. पहिल्या वेळेला मिंट ठीक, पण दोन वर्षांनी परत विचारा, तेव्हा मी डेबियनच सांगणार.

---

अनघा_नाशिक

आवृत्तीचं या दोघांनी छान सांगितलंय, मी टाकण्याबद्दल लिहिते कारण माझं नुकसान तिथेच झालंय.

तीन वर्षांपूर्वी घरच्या पीसीवर लिनक्स टाकत होते. बॅकअप घेतला बाहेरच्या हार्डडिस्कवर, अगदी नीट, आणि ती तशीच लावून ठेवली. इन्स्टॉलर विचारतो कुठल्या डिस्कवर टाकू, तिथे दोन नावं येतात, एसडीए आणि एसडीबी, दोन्ही एक टीबीच्या. मी वरचं नाव निवडलं. ती बॅकअपची निघाली. माझ्या भाचीच्या बारशापासून पहिलीच्या स्नेहसंमेलनापर्यंतचे फोटो त्यात होते, रिकव्हरी करून थोडे मिळाले, बरेच अर्धे करडे झालेले. म्हणून हात जोडून सांगते, बॅकअप झाला की ती डिस्क काढून कपाटात ठेवा, लॅपटॉपला फक्त चार्जर, माऊस आणि इन्स्टॉलचा पेनड्राईव्ह. आणि बॅकअपमधल्या चार-पाच फाईली दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाईलला लावून उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून समाधान मानू नका.

लाईटचं विचारलंत. मध्येच गेली तर लॅपटॉप बाद होत नाही. पेनड्राईव्हला काही होत नाही, लाईट आली की पुन्हा पेनड्राईव्हवरून चालू करून पहिल्यापासून टाकायचं, बस. फक्त तोपर्यंत डिस्कवरचं जुनं पुसलं गेलेलं असेल, म्हणून बॅकअप आधी. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बोर्डवर लावा, नसेल तर ज्या वेळेला सहसा जात नाही ती वेळ धरा, अर्धा-पाऊण तास लागेल त्या डिस्कला. लाईट जाणं धोक्याचं असतं ते बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करताना, ते तुम्ही करत नाही आहात.

विंडोज ठेवायचं का? तुमच्या केसमध्ये मी नको म्हणेन. बहिणीच्या यादीत असं एकही काम नाही ज्याला विंडोजच लागतं. टॅली किंवा श्रीलिपी वगैरे लागत असतं तर वेगळा विचार केला असता. पण काढायच्या आधी एक आठवडा लाईव्हवरच चालवून बघा, तिलाच बसवा, यूट्यूब, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण बंद करून उघडणं, सगळं तिच्या हातून होऊ द्या. हळू चालेल कारण पेनड्राईव्ह आहे, पण काय चालतं काय नाही ते कळेल. (कुणी विंडोज ठेवून शेजारी टाकणार असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्समधून त्यात काही लिहिता येत नाही.)

पेनड्राईव्ह ८ जीबीचा पुरे, रुफस किंवा एचर या प्रोग्रॅमने तयार करा. फाईल उतरवल्यावर तिचा शा २५६ चा आकडा (फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा) वेबसाईटवरच्या आकड्याशी जुळवा. मोबाईल डेटावर तीन जीबी उतरवताना मध्ये तुटलं की फाईल दिसते पूर्ण पण असते खराब, आणि मग इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर अडकतं, माणूस लॅपटॉपला दोष देत बसतो.

---

बार्शीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मिंट २२ एक्सएफसीई उतरवलं, दोन रात्री लागल्या, आकडा जुळवला, जुळला. डिस्कचं बघितलं, रीअलोकेटेड ८, पेंडिंग ०. हे कितपत वाईट?

आणि लाईव्हमध्ये सगळं चालतंय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, पण वायफायच दिसत नाही. हॉटस्पॉट चालू आहे, मोबाईल शेजारीच ठेवलाय, पण लॅपटॉपमध्ये नेटवर्कची यादीच येत नाही. ड्रायव्हर टाकायला नेट लागतं आणि नेटला ड्रायव्हर, आता काय करू?

---

अनघा_नाशिक

घाबरू नका, हे जुन्या लॅपटॉपवर खूप जणांना होतं, काही वायफाय चिपांचा ड्रायव्हर खुला नसतो म्हणून तो आपोआप चालू होत नाही.

मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावरच यूएसबी टेदरिंग म्हणून आहे ते चालू करा. लॅपटॉपला ते वायरवालं नेट वाटतं, काही टाकावं लागत नाही, पाच सेकंदात जोडलं जातं. केबल मात्र डेटावाली हवी, काही स्वस्तातल्या केबल फक्त चार्ज करतात. आधी इन्स्टॉल पूर्ण करा, मग नव्या सिस्टीममध्ये टेदरिंग लावून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो चिप ओळखून ड्रायव्हर सुचवेल.

सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी लॅपटॉपची सेटिंग) चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगेल, साधा आठ अक्षरी द्या आणि कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येईल, त्यात एनरोल मोक निवडायचं, कंटिन्यू, येस, आणि तोच पासवर्ड. लोक ती निळी स्क्रीन बघून दचकतात आणि एंटर मारून पुढे जातात, मग ड्रायव्हर टाकलेला असून चालत नाही.

---

सांगलीचा_पेंग्विन

८ म्हणजे डिस्कने आठ खराब जागा बाजूला टाकून त्यांच्या बदल्यात राखीव जागा वापरल्यात. पेंडिंग शून्य आहे म्हणजे आत्ता तग धरून आहे. पण महत्त्वाचं काही तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नका, महिन्याने परत आकडा बघा, आठाचे बारा-पंधरा झाले तर वाट बघू नका. जमेल तेव्हा २४०-२५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घाला, याच लॅपटॉपमध्ये त्याच जागेवर बसते, खालचे स्क्रू काढले की झालं. या मशीनला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडेल, आवृत्ती निवडण्यापेक्षाही.

---

बार्शीकर

झालं! रविवारी सकाळी सहाला बसलो, त्या वेळेला आमच्याकडे लाईट जात नाही. बॅकअपची डिस्क आईच्या कपाटात ठेवली, अनघाताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला होता. बावीस मिनिटांत टाकून झालं. टेदरिंग लगेच चाललं, ड्रायव्हर मॅनेजरने ड्रायव्हर दाखवला, निळी स्क्रीन आली, एनरोल मोक केलं, आता वायफाय येतंय.

चालू केल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत सव्वा मिनिट. त्याच डिस्कवर. बहिणीने दोनदा बंद-चालू करून बघितलं, तिला पटतच नव्हतं.

मराठीचं सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आयबस (टायपिंगची भाषा आणि कीबोर्ड बदलून देणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकलं, लॉगआउट करून परत आलो, आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी शोधलं तर इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन आणि रेमिंग्टन पण निघालं. तिने पहिलीच ओळ न बघता टाईप केली, एक-दोन जोडाक्षरं वेगळ्या कीवर आहेत म्हणाली पण दोन दिवसांत हात बसेल. फॉर्मसाठी फोटो आणि सही अमुक केबीच्या आत लागते ते गिंप या फोटो एडिटरमध्ये जमलं, जेपीजी एक्स्पोर्ट करताना प्रिव्ह्यूची टिक लावली की दर्जा कमी करत जाताना फाईल किती केबी होते ते समोरच दिसतं, पूर्वी यासाठी सायबर कॅफेत वीस रुपये द्यायला लागायचे.

एकच राहिलंय. अपडेट मॅनेजरमध्ये बरीच यादी दिसतेय, पाचशे एमबीच्या वर. सगळं घेऊ का निवडून घेऊ? दीड जीबीतलं रोज थोडं थोडं चालेल?

---

खडकवासला_रूट

चालेल. ज्यांच्यापुढे ढालीचं चिन्ह आहे ते सुरक्षेचे, ते आज घ्या, ब्राउझर पण आजच. कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि बाकीचे उद्या-परवा रात्री, डेटा उरेल तसे. कर्नलच्या आधी टाईमशिफ्टचा एक स्नॅपशॉट काढून ठेवा, आणि कर्नल घेतल्यावर रीस्टार्ट करून वायफाय येतंय ना ते बघा. नाही आलं तर चालू होताना शिफ्ट दाबून धरा किंवा एस्केप दाबत राहा, यादी येईल, त्यात जुना कर्नल निवडता येतो. बहिणीला माझ्याकडून शुभेच्छा सांगा.